रुमालातला चाकू

माझ्या घरी पहिल्यांदा आलेलं माणूस भिंतीजवळचं काचेचं कपाट बघतं आणि जरा अंग चोरून बसतं. कपाटात चाकू आहेत. खिशात ठेवायचे, घडीचे, जुने. कुणाची मूठ शिंगाची, कुणाची हाडाची, कुणाची नुसत्या पितळी पत्र्याची. एकटी राहणारी, पांढऱ्या केसांची, शाळेतून निवृत्त झालेली बाई आणि घरात एवढी हत्यारं म्हटल्यावर लोकांना काय वाटायचं ते वाटतंच. शेजारणीनं एकदा हळूच विचारलं, बाई, कुणाची भीती वाटते का तुम्हाला? म्हटलं, वाटते ना. तुझ्यासारख्या बायकांची, ज्या हातात घासणी घेऊन येतात आणि म्हणतात, द्या इकडं, लख्ख करून देते.

नाद लागला तो शाळेतच. मी चित्रकला शिकवायचे. पेन्सिलीला शार्पनर लावलेला मला आजही बघवत नाही. त्यानं टोक होतं, पण आखूड आणि मठ्ठ. चाकूनं तासलेली पेन्सिल लांब निमुळती होते आणि हाताशी बोलायला लागते. तर असा एक बरा चाकू शोधत मी रविवारी जुन्या बाजारात गेले. फाटक्या चादरीवर जुनी कुलपं, नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं मांडलेली होती आणि त्यात एक काळा पडलेला घडीचा चाकू होता. पातं उघडायला नख अडकवलं, टक्क असा आवाज आला आणि झालं. त्या आवाजानं माझा घात केला. तेव्हापासून माझ्या पगारातलं आणि आता पेन्शनीतलं बरंचसं कुठं गेलं, ते माझ्या बहिणीला चांगलं ठाऊक आहे आणि ती ते विसरूही देत नाही.

जुना चाकू जपायचा म्हणजे त्याला काय काय करायचं असं लोक विचारतात. खरं तर काय काय करायचं नाही तेच जास्त असतं. घासायचं नाही. धार लावायची नाही. चामड्याच्या खोळीत ठेवायचं नाही, चामडं ओल धरतं. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, मऊ सुती कापडानं एक हात, एवढंच. पोलादावर वर्षानुवर्षं फळाचा, भाजीचा, हाताच्या घामाचा जो काळसर निळा रंग चढतो, तो म्हणजे त्या चाकूचं वय. तो काढून टाकला की उरतो तो नवा वाटणारा जुना चाकू. केसाला डाय लावलेल्या म्हाताऱ्यासारखा. पडेगावच्या पुढं मेंढ्या राखणाऱ्या एका घरात मला एक चाकू मिळाला होता. मूठ तडकली म्हणून आजोबांनी तिला तांबडा दोरा गुंडाळलेला. नातू बिचारा चांगुलपणानं दोरा सोडायला लागला, की बाई, तुमाला सोच्छ करून देतो. मी म्हटलं, बाबा रे, दोऱ्यासकट द्यायचा तर दे, नाय तर ऱ्हाऊ दे. तो मला येडी समजला. समजू दे.

या येडेपणात मला एकच जोडीदार मिळाला. तेही त्याच बाजारात. एका चाकूवर आम्हा दोघांचा हात एकदम पडला. समोर एक उंच, दाढी पांढरी झालेले गृहस्थ. कोर्टातल्या कारकुनीतून निवृत्त झालेले, राहायला जुन्या शहरात. त्यांनी हात मागं घेतला आणि म्हणाले, आप लेलो बाई. मी शिक्षिका आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. बहुतेक मी दुकानदाराला ज्या आवाजात गप्प केलं होतं, त्यावरून. तेव्हापासून ते मला बाई म्हणतात आणि मी त्यांना भाईसाब म्हणते. महिन्यातून एकदा ते उस्मानपुऱ्यात माझ्याकडं चहाला येतात. मराठी छान बोलतात, पण मनातलं काही आलं की दखनी सुरू होते.

आमचं पटतं असं नाही. माझं म्हणणं, जुना चाकू आता कापायला वापरू नये. त्यांचं म्हणणं, चाकू आहे, कापणारच. माझ्यासमोर त्यांनी एकदा खिशातून आजोबांच्या काळातला चाकू काढला आणि शांतपणे पेरू चिरून मला फोड दिली. मी ती खाल्ली, पण त्या दिवशी मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा पेरू घेऊन हजर! असा माणूस.

पण एक चाकू होता, जो तेही वापरत नसत. हाडाची पिवळी पडलेली मूठ, पितळी खिळ्याजवळ केसाएवढी चीर, आणि पात्यावर असा गहिरा रंग की उन्हात धरला तर त्यात जांभळी झाक दिसायची. तो चाकू त्यांच्या बायकोच्या हातातला. लग्नानंतर सबंध संसारभर तिनं त्यानंच कैऱ्या चिरल्या, लिंबं, भेंडी, कांदे, सगळं. काही वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून तो चाकू एका पांढऱ्या रुमालात.

गेल्या वर्षी त्यांचं हजला जायचं ठरलं. निघायच्या आधी ते माझ्याकडं आले, चहा झाला, आणि त्यांनी तो रुमाल टीपॉयवर ठेवला. म्हणाले, घरी सुना चांगल्या आहेत, पण फार स्वच्छ आहेत. मी नसताना घर धुऊन काढतील आणि हाही घासून ठेवतील, कौतुकानं. मग म्हणाले, "बाई, ये अमानत है. उसके हाथ का रंग है इसपे. जैसी है वैसीच रखना."

मी म्हटलं, भाईसाब, काळजी सोडा. हे काम जर मला नाही जमलं तर कुणाला जमेल? असं म्हणाले मी, तोंड वर करून. रुमालासकट चाकू कपाटात ठेवला, सगळ्यात खालच्या खणात, एकटा.

आता माझी धाकटी बहीण. ती मुकुंदवाडीला राहते. नवरा लवकर गेला, शिवणकाम करून तिनं एकुलत्या एका पोराला वाढवलं. पोरगं गुणी, नोकरीला लागलेलं, पण लग्न काही जमेना. हल्ली मुली काय काय विचारतात हे घराघरांत माहीत आहे. स्वतःचं घर आहे का, पुण्यात नोकरी का नाही, आई सोबत राहणार का. किती ठिकाणी कांदेपोहे झाले आणि किती ठिकाणांहून नंतर कळवतो म्हणून कळवलंच नाही, त्याची मोजदाद बहिणीनं सोडून दिली होती. आणि मग त्या मे महिन्यात जमलं. मुलगी चांगली, माणसं चांगली, आणि तारीख अगदी तोंडावर. बहीण हवेत होती आणि घाबरलेलीही होती. कुठं काही कमी पडायला नको, कुणी बोट ठेवायला नको, एवढंच तिच्या डोक्यात.

आमच्यात हळद लागली की नवरदेवाच्या हातात लोखंड देतात. कुणी कट्यार देतं, कुणी अडकित्ता, कुणी साधी सुरी, आणि तिच्या टोकाला लिंबू खोचायचं. दृष्ट लागू नये म्हणून. मंगलाष्टकं होईपर्यंत ते हातातून सोडायचं नाही. बहिणीचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते, रिक्षावाल्याशी माझं चालू होतं. ती म्हणाली, ताई, तुझ्याकडं एवढे चाकू पडलेत, एक नेते पोरासाठी. शेजारणीकडं किल्ली आहे ना? मी म्हटलं, ने की, वरच्या खणातला कुठलाही ने. फक्त खालचा रुमालातला हलवू नकोस, ती अमानत आहे. बरं बरं, म्हणाली ती. मी फोन ठेवला आणि रिक्षावाल्याकडं वळले.

हळदीला मी संध्याकाळी पोचले. गल्लीत मांडव, बायकांची गाणी जोरात, लहान पोरांचे कपडे पिवळे झालेले. भाचा पाटावर बसलेला, कानामागंसुद्धा हळद. मी कौतुकानं पुढं झाले, बोटभर हळद त्याच्या गालाला लावली आणि माझी नजर त्याच्या हातावर गेली.

हाडाची मूठ. पितळी खिळ्याजवळ चीर. आणि टोकाला हे एवढं रसाळ लिंबू, पार आत घुसवलेलं. रस पात्यावरून ओघळत निम्म्यापर्यंत आला होता.

लिंबू पोलादाला काय करतं हे मला कुणी सांगायला नको. रंग खाऊन टाकतं. थोडा वेळ राहिलं तर पुसून घेता येतं, रात्रभर राहिलं तर संपलं. मी बहिणीला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. बुंदीच्या परातीमागं आम्ही दोघी उभ्या. माझा आवाज चढलाच. तो चाकू नको म्हणून सांगितलं होतं की नाही?

ती माझ्याकडं बघतच राहिली. "ताई, तूच म्हणालीस ना अनामत आहे म्हणून?"

"अमानत म्हणाले मी. अमानत."

"मग? वेगळं काय म्हणाले मी?"

तिचं डोकं कसं चाललं होतं ते तिनं भाबडेपणानं सांगितलं. गॅसची अनामत असते, खोलीची अनामत असते. म्हणजे त्या भाईसाबांनी ताईचा एखादा चाकू नेला असणार आणि त्याच्या बदल्यात आपला ठेवला असणार. वरच्या खणातले सगळे ताईचे जिवाचे. त्यातल्या एखाद्याला लग्नाच्या धावपळीत काही झालं तर ताई जन्मभर बोलून दाखवेल. त्यापेक्षा हा अनामतीतला बरा, ताई हलवू नको म्हणाली खरी, पण दोन दिवसांनी तसाच रुमालात ठेवू. माझ्या चाकूंना धक्का लागू नये म्हणून तिनं तो उचलला होता! मला वाटतं शब्द मुळात एकच असावा. आमच्या तोंडी त्याची अक्षरं उलटीपालटी झाली आणि तो पावतीवर जाऊन बसला. जुन्या शहरात मात्र तो होता तसाच राहिला.

मी म्हटलं, ते राहू दे आता, त्याच्या हातात दुसरा दे, मी जाऊन घेऊन येते. तेवढ्यात नवरदेवाची आत्या दारात. तिनं अर्धं ऐकलं होतं. ती म्हणाली, हळद लागल्यावर हातातलं लोखंड बदलत नाय बाई, तुमाला म्हाईत नाय व्हय? बहिणीचा चेहरा पांढरा पडला. माझ्यावर तिचा राग नव्हता. नुसती माझ्याकडं बघत होती. एवढ्या वर्षांनी दारात मांडव पडला होता आणि मी तिथं उभी राहून अपशकुन करत होते.

मी बाहेर आले. भाच्यानं काहीतरी ओळखलं असावं. त्यानं मान खाली घालून हळूच विचारलं, मावशी, लिंबू तेवढं काढू का? आत्या त्याच्या मागंच उभी होती. बहीण दारात होती. भाईसाब तिकडं दूर परक्या देशात उन्हातान्हात फिरत असणार, आणि इकडं त्यांच्या बायकोच्या हाताचा रंग थेंबाथेंबानं चालला होता. मला रडू येत होतं. मी त्याला म्हटलं, राहू दे, तू नीट बस.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षता पडल्या. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या गुरुजींना माझ्याइतकं कुणी मनातल्या मनात घाई करत नसेल. एकेक ओळ लांबवत होते. शेवटचं सावधान झालं, वाजंत्री सुरू झाली आणि बहिणीनं सगळ्यात आधी काय केलं तर पोराच्या हातातून चाकू घेऊन माझ्या हातात दिला. सुनेच्या ओवाळणीच्याही आधी. लिंबू सुकून काळं पडलं होतं. मी कोपऱ्यात जाऊन ते काढलं, पातं पदरानं पुसलं. टोकापासून निम्म्या पात्यापर्यंत रंग गेलेला. तिथं पांढुरका राखाडी डाग, ओघळाच्या आकाराचा, आणि कडेनं नारिंगी गंज.

घरी आणून मी तेल लावलं, गंज वाढू नये म्हणून. त्याहून काही केलं नाही. करता आलं असतं. बारीक पॉलिशपेपरनं घासून डाग घालवता येतो, मग पातं कडक चहात बुडवून ठेवलं की पुन्हा काळसर रंग येतो. विकणारे करतात, घेणारे फसतात, मीही एकदा फसले आहे. एका दुपारी मी चहा उकळला, कडू जहर, गार करायला ठेवला. बराच वेळ त्याच्यासमोर बसले. भाईसाबांची नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही, त्यांना कळलंही नसतं. पण मग ते रोज तो रुमाल सोडून बघणार, आणि बघणार तो माझा चहा. मी उठले आणि तो चहा मोरीत ओतला.

ते परत आले ते खजूर घेऊनच. स्वतः वाळले होते, चेहरा उन्हानं रापलेला, पण डोळे शांत. बसल्या बसल्या त्यांनी तिकडच्या गर्दीचं, उन्हाचं, पाय कसे सुजले त्याचं सांगायला सुरुवात केली. मी मध्येच थांबवलं. म्हटलं, भाईसाब, आधी हे. रुमाल समोर ठेवला आणि त्यांनी तो सोडायच्या आधी सगळं सांगून टाकलं. बहीण, अनामत, हळद, लिंबू, आत्या, आणि लिंबू काढू का असं पोरानं विचारलं तेव्हा मी नको म्हणाले तेही. एका दमात. शाळेत पोरं कशी सांगतात, तशी.

ते चाकू घेऊन खिडकीशी गेले. पातं उघडलं, उजेडात धरलं, डागावरून अंगठा फिरवला. मग परत फिरवला. मी त्यांच्या पाठीकडं बघत उभी होते आणि आमची चहाची बैठक आज संपली, असं मनाशी धरून चालले होते.

मग ते खुर्चीत येऊन बसले आणि वेगळंच काही सांगायला लागले. हा चाकू त्यांना लग्नाच्या आधी त्यांच्या वालिदांनी, म्हणजे वडिलांनी दिला होता. नवाकोरा, आरशासारखा. तेही तेव्हा तो कापडात गुंडाळून ठेवत, कुणाला हात लावू देत नसत. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. दुपारी ते कामावर असताना नव्या नवरीनं लोणच्याला लिंबं चिरायला तो घेतला आणि तसाच न पुसता ठेवला. संध्याकाळी येऊन बघतात तर टोकापासून खाली डाग, असाच. ते इतके ओरडले की शेजारचे जमा झाले. ती एक शब्द बोलली नाही. मग त्यांनी रागानंच तो तिच्यापुढं टाकला, की खराब झालाच आहे तर आता तूच वापर. तिनं वापरला, शेवटपर्यंत. कैऱ्यांचे, कांद्यांचे डाग त्या डागावर चढत गेले आणि तो खाली कुठं गेला ते कळलंही नाही. त्या संध्याकाळबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

हजला निघताना आमच्याकडं सगळ्यांची माफी मागून निघतात, ते म्हणाले. भाऊबंद, शेजारी, जुने साहेब, ज्यांच्याशी कोर्टात वाजलं होतं तेसुद्धा, सगळ्यांच्या दारात मी जाऊन आलो. तिच्याकडं कुठं जाणार?

मी म्हटलं, भाईसाब, माझ्या हातून झालंय, मला काहीतरी बोला तरी. त्याशिवाय मला बरं वाटायचं नाही.

त्यांनी पातं मिटलं, चाकू रुमालात न ठेवता तसाच सदऱ्याच्या खिशात टाकला.

"उसकू बोला था ना बाई, बहोत बोला था," ते म्हणाले. "अब किसीकू नै बोलता."